पूर्व, पश्चिम की मक्याचा मुलूख

डॉ. वागळ्यांनी फॉर्म माझ्यासमोर सरकवला आणि पेनाच्या टोकानं एका रिकाम्या जागेवर टकटक केली.

"बाकी सगळं भरलंत. हे एवढंच कोरं का?"

त्या रकान्याचं नाव होतं ‘प्रदेश’. अमेरिकेत दोन वर्षं शिकण्याची शिष्यवृत्ती होती. तिकडच्या लोकांनी अमेरिकेचे चार भाग केले होते: पूर्व किनारा, दक्षिण, मधला भाग आणि पश्चिम किनारा. उमेदवारानं एक भाग निवडायचा, त्यातल्या एका विद्यापीठाचं नाव सुचवायचं. एकदा लिहिला की प्रदेश बदलता येणार नाही, असं खाली ठळक छापलं होतं. फॉर्म दिल्लीला पोचायला दीड महिना होता.

मी म्हटलं, "सर, विचार करून लिहिते."

"त्यात विचार काय करायचाय? पूर्व लिहा. जुनी विद्यापीठं तिकडेच आहेत. परत आल्यावर लोक पहिलं नाव विचारतात."

डॉ. वागळे आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. स्वतः इंग्लंडला शिकून आलेले. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी फॉर्म घेऊन बाहेर आले.

ही गोष्ट पन्नासच्या दशकातली. पिंपरीला तेव्हा रेल्वेचं लहानसं स्टेशन होतं, मुंबईचा रस्ता होता आणि दोन्ही बाजूंना बाजरीची रानं होती. त्या रानांत आमचा औषधांचा कारखाना उभा राहिला होता. आम्ही पेनिसिलीन बनवत होतो. ते बनवते खरं म्हणजे एक बुरशी. शिळ्या भाकरीवर येते त्याच जातकुळीतली. तिला मोठ्या बंद टाकीत खाऊ घालायचं, हवा द्यायची, गार ठेवायचं. पाच-सहा दिवसांत ती आजूबाजूच्या पाण्यात पेनिसिलीन सोडते. ते गाळून, शुद्ध करून बाटलीत भरलं की झालं औषध. लिहायला सोपं आहे. पण आमच्या टाक्या दुमजली घराएवढ्या होत्या. पहिल्या दिवशी मी टाकीच्या काचेतून आत डोकावले तेव्हा आत करड्या रंगाचं काहीतरी घुसळत होतं. न्यूमोनियानं आठवड्यात माणूस जाताना मी आमच्या गावी पाहिलं होतं. त्या न्यूमोनियाला हे थांबवतं, हे माहीत असूनही खरं वाटेना. त्या काचेपाशी मी बराच वेळ उभी राहिले होते. शेवटी शिफ्टचा भोंगा झाला.

मी कराडकडची. नाव कुसुम जगदाळे. वडील गेल्यावर आईला घेऊन चिंचवड गावात दोन खोल्यांत राहत होते. बी.एस्सी. झाले होते, प्रयोगशाळेत नोकरीला तीन वर्षं झाली होती. प्रयोगशाळेत बायका आम्ही दोघीच.

घरी गेल्यावर आईला चार प्रदेश सांगितले. आईनं पहिल्या तिन्हींकडे लक्षच दिलं नाही. माझा एक मावसभाऊ पश्चिम किनाऱ्यावर फळबागांच्या कंपनीत होता. आईच्या मते विषय तिथेच संपला. परक्या मुलखात एकट्या मुलीनं जायचं तर निदान आजारपणात भात करून घालणारं कुणी हवं, एवढंच तिचं मागणं होतं. तेही खोटं नव्हतं.

म्हणजे साहेबांची पूर्व आणि आईची पश्चिम. माझी कुठलीच नाही. मला त्या दिवसांत प्रदेशापेक्षा वेगळीच काळजी होती.

बुरशीला जो खाऊ आम्ही घालत होतो त्यातला महत्त्वाचा पदार्थ परदेशातून पिंपांत भरून येई. त्याला कॉर्न लिकर म्हणत. नाव ऐकून लोकांना दारू वाटते. तसलं काही नाही. मक्यापासून स्टार्च काढताना मका आधी कोमट पाण्यात दोन दिवस भिजवतात. ते पाणी आटवलं की काकवीसारखं दाट, तपकिरी, आंबट वासाचं काहीतरी उरतं. तेच हे. पूर्वी फेकून द्यायचे. बुरशीला ते फार मानवतं हे कळल्यापासून जगभर पिंपं जाऊ लागली.

त्या वर्षी जहाज रखडलं. गोदामात थोडीच पिंपं उरली. त्यातही एक गोम होती. एका पिंपातलं घातलं की टाकी भरभरून पेनिसिलीन देई आणि दुसऱ्या पिंपातलं घातलं की हात आखडे. दिसायला दोन्ही सारखी. वासाला सारखी. असं का होतं, हे मी डॉ. वागळ्यांना विचारलं. आमच्याकडे आलेल्या परदेशी तज्ज्ञांना विचारलं. ते युरोपच्या उत्तरेकडचे, सरळ मनाचे गृहस्थ. म्हणाले, मला विचारू नका, आम्हीही ते विकतच घेतो.

मग शेंगदाण्याच्या पेंडीचा प्रयोग माझ्याकडे आला. कॉर्न लिकरऐवजी पेंड चालली तर बाहेरून काही आणायलाच नको. पेंड आणून दिली बबनराव तापकीर यांनी. ते चऱ्होलीचे, टाकीवरचे ऑपरेटर. वयानं माझ्या वडिलांएवढे, रोज सायकलवरून येत. गावात शेती, दारात दोन म्हशी. त्यांनी दोन पोती आणली आणि बजावलं.

"बाई, ह्या दोनी पेंडी येक समजू नगा. ही घाण्याची हाय, ही मिलची. येक न्हाईत त्या."

मी विचारलं, फरक काय? ते म्हणाले, ते मला सांगता यायचं न्हाई, पर म्हशीला कळतंय. मी हसले आणि वहीत नोंद केली. बबनरावांचं म्हणणं मी वहीत लिहून ठेवत असे, कारण टाकीला फेस येणार हे ते मीटरच्या आधी सांगत.

अठरा फ्लास्क लावले. काचेच्या चंबूत थोडी थोडी बुरशी, निम्म्यात कॉर्न लिकर, निम्म्यात घाण्याची पेंड. सहा दिवस ते शेकर नावाच्या यंत्रावर हलवत ठेवायचे. मग पेनिसिलीन मोजायचं. मोजायची रीत मला कायम अजब वाटत आली. काचेच्या ताटलीत जंतू वाढवायचे. त्यावर लहानशा नळीत फ्लास्कमधलं गाळलेलं पाणी ठेवायचं. दुसऱ्या दिवशी नळीभोवती जंतू मेलेलं स्वच्छ वर्तुळ दिसतं. वर्तुळ जेवढं मोठं, तेवढं औषध जास्त. मूळ पाणी फार तेज असतं म्हणून ते आधी पातळ करतात आणि शेवटी जेवढ्या पटीनं पातळ केलं तेवढ्या पटीनं गुणतात. बस्स. फूटपट्टी आणि गुणाकार.

पेंडीचे आकडे कॉर्न लिकरच्या निम्म्याहूनही कमी आले. मी तक्ता करून डॉ. वागळ्यांना दिला. त्यांनी वर मुंबईच्या मुख्य कचेरीला नोट लिहिली की पेंड निरुपयोगी आहे, प्रयोग बंद करावा, पिंपं मागवण्याची तजवीज करावी. खाली त्यांची सही. मला वाईट वाटलं, पण आकड्यांपुढे काय बोलणार?

हे सगळं झालं आणि त्याच आठवड्यात तो फॉर्म आला.

पिंपांतल्या फरकाचा प्रश्न काही माझ्या डोक्यातून जाईना. आमच्या लायब्ररीत परदेशी नियतकालिकं येत. दुपारच्या सुट्टीत मी ती चाळू लागले. मोठ्या विद्यापीठांचे निबंध सुरेख होते. बुरशीच्या पोटात काय घडतं याबद्दल पानंच्या पानं. पण तिला घालतात ते मुळात काय असतं, यावर कुणी बोलत नव्हतं. जसं काही पिंप आकाशातून पडतं. चौथ्या दिवशी एका पातळशा पत्रिकेत मला साडेतीन पानांचं टिपण सापडलं. मका किती तास भिजवला यावर पेनिसिलीन किती मिळतं, एवढाच विषय. लेखक कुणी प्रोफेसर ऑल्डन. विद्यापीठाचं नाव मी कधी ऐकलेलं नव्हतं. नकाशात शोधलं तेव्हा ते अगदी मधोमध सापडलं. शेजारी शहर नाही, समुद्र नाही. भोवती सगळी शेतं.

त्या संध्याकाळी मी दोन पत्रं लिहिली. एक पूर्वेच्या नामांकित विद्यापीठाला आणि एक प्रोफेसर ऑल्डनना. दोन्हींत एकच प्रश्न विचारला: पिंपापिंपांत फरक का पडतो? ऑल्डनना मात्र मी अठरा फ्लास्कचा पूर्ण तक्ताही पाठवला. काय घातलं, कसं गाळलं, किती पातळ केलं, वर्तुळ किती मिलिमीटर, सगळं. पेंडीचा प्रयोग फसला, हेही लिहिलं. शेवटी जागा उरली म्हणून बबनरावांचं घाण्याच्या आणि मिलच्या पेंडीबद्दलचं वाक्यही टाकलं. वाक्य टाकल्यावर वाटलं, खोडावं. म्हशीचा दाखला प्रोफेसरला काय द्यायचा? पण विमानाच्या पत्राचा तो कागद एकच होता, खाडाखोड बरी दिसली नसती.

पूर्वेचं उत्तर अठरा दिवसांत आलं. जाड, गुळगुळीत कागद. वेलींनी मढलेल्या इमारतीचं चित्र. आपल्या चौकशीबद्दल आभार, प्रवेशाचे नियम सोबत जोडले आहेत. प्रश्नाचा उल्लेख नव्हता. डॉ. वागळ्यांनी ते चित्र कौतुकानं पाहिलं आणि म्हणाले, लिहा आता पूर्व. मी आणखी चार दिवस मागितले.

ऑल्डनचं पत्र तिसऱ्या दिवशी आलं. पाकीट साधं. आत तीन पानं टाइप केलेली आणि चौथं पान पेन्सिलीनं लिहिलेलं. मी ते चौथं पान आधी उघडलं. माझा तक्ता होता. त्यांनी तो स्वतःच्या हातानं उतरवून काढला होता आणि अठराच्या अठरा ओळींची आकडेमोड नव्यानं केली होती. कॉर्न लिकरच्या नऊ ओळींपुढे बरोबरची खूण. पेंडीच्या नऊ ओळींपुढे एक लांब कंस आणि त्याच्यापुढे एकच वाक्य. त्याचा अर्थ असा: तुम्ही लिहिता की पेंडीचं पाणी दाट असल्यानं गाळण्याआधी त्यात तेवढंच दुसरं पाणी मिसळलं. मग तो दुसरा अर्धा भाग शेवटच्या आकड्यात मला कुठेच सापडत नाही.

मी वही काढली. कॉर्न लिकरचं पाणी पातळ, ते तसंच गाळलं होतं. पेंडीचं गाळलं जाईना म्हणून मी ते आधी निम्म्यानं पातळ केलं होतं. मग नेहमीचं पातळ करणं वेगळं. शेवटी गुणताना नेहमीच्या पटीनं गुणलं आणि आधीचं दोननं गुणायचं विसरले. नऊच्या नऊ वेळा. प्रत्येक आकडा निम्मा लागला होता.

म्हणजे पेंड नापास नव्हती. कॉर्न लिकरनं दहा दिले तर पेंडीनं नऊ दिले होते.

मला लाज वाटली, हे खरं. पण आधी वाटलं ते वेगळंच. जगाच्या पाठीवर कुठेतरी एक माणूस होता. त्यानं मला पाहिलेलं नाही. पिंपरी कुठे आहे हेही त्याला ठाऊक नसणार. त्यानं संध्याकाळचं आपलं काम बाजूला ठेवून माझी अठरा गणितं सोडवली होती. इथं माझ्या तक्त्यावरून मुंबईपर्यंत नोट गेली होती, पण गणित कुणीच केलं नव्हतं. मीसुद्धा दुसऱ्यांदा केलं नव्हतं. मी लायब्ररीत त्या खुर्चीवर किती वेळ बसले होते कोण जाणे. पेन्सिलीच्या त्या कंसावरून मी नुसतं बोट फिरवत होते.

बाकीची तीन पानं मग वाचली. पिंपांच्या फरकाबद्दल त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं की मलाही पुरतं माहीत नाही. भिजवण्याच्या तासांचा संबंध आहे, भिजताना वाढणाऱ्या जंतूंचा आहे, आणखीही काही आहे. अकरा वर्षं शोधतो आहे. शेवटी एक विनंती होती. ज्या गृहस्थानं पेंडीतला फरक सांगितला त्याला विचारा की म्हैस कोणती पेंड आवडीनं खाते आणि पावसाळ्यात कोणती आधी बिघडते.

मी थेट टाक्यांकडे गेले. बबनराव वरच्या मजल्यावर होते. त्यांना पत्रातला प्रश्न मराठीत वाचून दाखवला. त्यांनी हात पुसले, पत्र हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं.

"ह्यो सायेब म्हशी राखतो का?"

मी म्हटलं, माहीत नाही, पण मक्याच्या मुलखात राहतो.

"मंग बराबर हाय. सांगा त्याला, घाण्याची पेंड आवडीनं खात्यात, तिच्यात त्याल ऱ्हातं. पर पावसाळ्यात तीच आदी खवट व्हती. मिलची टिकती, पर तिला चव न्हाई."

मी ते शब्दाला शब्द लिहून घेतलं. बबनराव पुन्हा टाकीकडे वळले, पण त्या दिवशी भेटेल त्याला त्यांनी सांगितलं की अमेरिकेतून आपल्याला प्रश्न आला होता.

आता डॉ. वागळ्यांकडे जायचं होतं. त्यांची नोट मुंबईला गेलेली. माझ्या चुकीवर त्यांची सही. मी वही आणि पेन्सिलीचं पान त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि घडलं ते सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. पानावरची पहिली ओळ स्वतः सोडवली, मग दुसरी. नऊही सोडवल्या. तोपर्यंत मी उभीच होते.

मला वाटलं आता शिष्यवृत्ती विसरायची. फॉर्मवर त्यांची शिफारस लागणार होती.

ते म्हणाले, "चूक तुमची. पण सही माझी. नोट मी परत मागवतो."

मग त्यांनी घातलेली अट मला अजून आठवते. प्रयोग पुन्हा करायचा, पण कोणत्या फ्लास्कमध्ये काय आहे हे मला कळता कामा नये. चिठ्ठ्या ते स्वतः लावणार, नुसते आकडे टाकून. यादी त्यांच्या कपाटात. एकदा मनासारखं उत्तर दिसलं की माणूस दुसऱ्यांदा तेच पाहतो, असं त्यांनी सांगितलं. नोट परत मागवताना त्यांना मुंबईकडून ऐकून घ्यावं लागलं. काय ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

ते नऊ दिवस फार लांबले. यावेळी घाण्याच्या पेंडीबरोबर मिलची पेंडही वेगळी लावली होती. मी रोज शेकरच्या खोलीत जाऊन फ्लास्क बघत होते. बघून काही कळत नसतं. दहाव्या दिवशी सकाळी ताटल्या उघडल्या. एकेका नळीभोवती वर्तुळं उमटली होती, स्वच्छ, काठ रेखल्यासारखे. मी मोजत गेले आणि डॉ. वागळे लिहीत गेले. गुणाकार दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर केले. मग त्यांनी कपाटातून यादी काढली.

कॉर्न लिकर सर्वांत वर होतं. त्याच्या लागोपाठ घाण्याची पेंड, दहाला नऊ. मिलची पेंड दहाला सात. फेसही घाण्याच्या पेंडीत कमी आला होता, तेलामुळे. बबनरावांच्या म्हशीचा निकाल आणि आमच्या जंतूंचा निकाल एक होता. डॉ. वागळे यादीकडे बघत राहिले. या माणसाला मी कधी भारावलेलं पाहिलं नव्हतं. हळू आवाजात म्हणाले, "काय नवल आहे." मग लगेच, "आपल्या दारात पडलं होतं हो हे."

फॉर्म पाठवायला पाच दिवस उरले होते. मी त्यांच्यासमोरच ‘प्रदेश’ या शब्दापुढे लिहिलं: मधला भाग. खाली त्या अनोळखी विद्यापीठाचं नाव.

त्यांनी विरोध केला, पण पहिल्यासारखा नाही. परत आल्यावर हे नाव कुणाला सांगाल, कुणाला माहीत आहे ते, असं विचारलं. मी म्हटलं की माझा प्रश्न मक्याचा आहे आणि मका तिथे पिकतो. आपल्याला उत्तर माहीत नाही हे ज्यांना माहीत आहे, अशी माणसंही तिथेच भेटली. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि शिफारस लिहिली. ती मी वाचली नाही, वाचायची पद्धत नव्हती.

आईची समजूत काढणं जास्त कठीण गेलं. तिथे कुणीच आपलं नाही, हे तिला पटेना. मी तिला ऑल्डनचं पेन्सिलीचं पान दाखवलं. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण आकडे येत होते. वडिलांच्या मागे घरचा हिशेब तिनंच ठेवला होता. तिनं ते पान खिडकीपाशी नेलं, सगळ्या ओळी बघितल्या.

"एवढं सगळं हातानं केलंय?"

मी हो म्हटलं.

"बरं," ती म्हणाली, "जा मग." मी निघाले त्या दिवशी तिनं मामाला बोलावून घेतलं होतं, कारण दोन वर्षं तो तिच्याजवळ राहणार होता. डोळ्यांत पाणी होतं, पण तिनं मला अडवलं नाही.

जहाज, मग दुसरं जहाज, मग दोन दिवस आगगाडी. मी सप्टेंबरात पोचले. शेवटच्या दिवशी सकाळी डब्याच्या खिडकीचा पडदा सरकवला आणि बाहेर मका होता. दहा मिनिटांनी पाहिलं तरी मका. दुपारी जेवण झालं, डुलकी झाली, डोळे उघडले, मका. माणसाच्या डोक्यावर वीतभर उंच, एकसारखा, जमीन संपेल तिथपर्यंत. मी शेतकरी घरातली. चार एकर रान म्हणजे मोठं रान, असं मानणाऱ्या गावची. खिडकीच्या काचेला कपाळ टेकवून बसले होते. समोरच्या बाईंनी विचारलंसुद्धा की बरं वाटत नाही का.

प्रोफेसर ऑल्डन उंच, वाकलेले, कमी बोलणारे गृहस्थ निघाले. म्हशी राखत नव्हते, पण त्यांचे वडील मका पिकवत. त्यांनी मला त्यांच्या खोलीत नेलं. एका भिंतीला वरपासून खालपर्यंत वह्या होत्या. ते म्हणाले, "इथे बसा. या सगळ्या फसलेल्या प्रयोगांच्या आहेत. जमलेले छापून आलेत, ते तुम्ही वाचलेच आहेत."

दुसऱ्या आठवड्यात ते मला स्टार्चच्या कारखान्यात घेऊन गेले. मका भिजवण्याचे लाकडी हौद ओळीनं मांडलेले. एकेक आमच्या टाकीहून मोठा, आणि असे किती ते मला मोजता येईनात. कोमट वाफ, आंबट वास. तोच वास, जो पिंपरीच्या गोदामात पिंपाचं झाकण उघडलं की येई. तिथे एक म्हातारे कामगार हौदातून मूठभर दाणे काढत आणि एक दाणा दोन बोटांत दाबून पाहत. मऊ झाला का, किती झाला. त्यावर हौद उपसायचा की नाही ते ठरे. भिंतीवर घड्याळ होतं, यंत्रं होती, पण शेवटचा शब्द त्या बोटांचा. त्यांची बोटं ठरवत आणि पाच-सहा महिन्यांनी हजारो मैलांवर आमची टाकी भरभरून देई किंवा हात आखडे. मी त्या कामगारांकडून एक दाणा मागून घेतला आणि दाबून पाहिला. मला काहीच कळलं नाही. शिकायला चार महिने लागले.

दोन वर्षांत मी पदवी घेतली. पिंपांतल्या फरकाचं निम्मं उत्तर मिळालं: भिजवण्याचे तास आणि भिजताना तयार होणारी आंबट आम्लं, यांचा मेळ बसला पाहिजे. उरलेलं निम्मं मी निघाले तेव्हाही ऑल्डन शोधतच होते. परत आल्यावर आम्ही टाकीत थोडं कॉर्न लिकर आणि बाकी घाण्याची पेंड असा खाऊ बसवला. पावसाळ्यात पेंड साठवायची नाही, ताजी आणायची, हा नियम बबनरावांच्या सांगण्यावरून केला. पुढच्या एका वर्षी जहाज पुन्हा रखडलं, पण टाक्या बंद पडल्या नाहीत. विद्यापीठाचं नाव मला एरवी कुणी विचारलं नाही. बढतीच्या मुलाखतीत एकदा विचारलं, तेव्हा ते कुठे आहे हे मला सांगावं लागलं, आणि ती बढती त्या वर्षी मिळाली नाही. हेही लिहायला हवं, नाहीतर गोष्ट जास्तच गोड होईल.

निवृत्त झाल्यापासून ओळखीतले आईबाप मुलामुलींना घेऊन येतात. कुठला देश, कुठला प्रदेश, कुठे हवा चांगली, कुठे आपले लोक आहेत. मी त्यांना एकच सांगते. आपला एक खरा प्रश्न लिहा, चार ठिकाणी पाठवा आणि कोण काय उत्तर देतं ते बघा. प्रश्न नसेल तर कुठलाही प्रदेश चालतो. आणि आकडे पाठवणार असाल, तर पाकीट बंद करण्याआधी गुणाकार दुसऱ्या कुणाकडून तरी तपासून घ्या.